गच्चीवरचं आकाश : गुरूचा चौथा चंद्र गेला कुठे?

मागच्या अंकात याच सदरात गुरू आणि त्याच्या चार मोठ्या चंद्रांचा फोटो छापला होता. कऱ्हाडला आमच्या गच्चीवरून, १५० मिलिमीटर व्यासाच्या दुर्बिणीतून मी तो काढला होता. त्यावर भरपूर पत्रं आली. निम्म्या पत्रांत ‘कॅमेरा कोणता घेऊ?’ असं विचारलंय. त्या सगळ्यांना एकच सांगणं : घरात जो आहे त्यानेच सुरुवात करा. बाकीच्यांतली काही पत्रं इथे घेतली आहेत.

*ताई, बाबांनी दिवाळीत ७० मिलिमीटरची दुर्बीण आणली. आयपीसला, म्हणजे डोळा लावतो त्या भिंगाला, मोबाइल लावून मी गुरूचा फोटो काढला. गुरू नुसता पांढरा गोळा दिसतो आणि शेजारी तीनच चंद्र आहेत. चौथा का आला नाही? दुर्बीण लहान पडते का?*
*— इयत्ता नववीतली वाचक, बार्शी*

दुर्बीण अजिबात लहान नाही. गॅलिलिओने ७ जानेवारी १६१० च्या रात्री गुरूकडे पाहिलं तेव्हा त्यालाही तीनच ठिपके दिसले होते. चार ठिपके एकत्र दिसायला १३ जानेवारी उजाडावी लागली. त्याची दुर्बीण सुमारे वीस पट मोठं दाखवायची आणि तिची भिंगं तुझ्या दुर्बिणीपेक्षा कितीतरी सुमार होती.

चौथा चंद्र हरवण्याची कारणं चार. तो गुरूच्या मागे असेल, गुरूच्या समोर येऊन त्याच्या उजेडात मिसळला असेल, गुरूच्या सावलीत शिरला असेल, नाहीतर दुसऱ्या चंद्राला इतका खेटून असेल की दोघांचा मिळून एकच ठिपका झाला असेल. ७ जानेवारीला गॅलिलिओच्या बाबतीत हे शेवटचंच घडलं होतं : आयो आणि युरोपा हे दोन चंद्र त्याला वेगळे दिसले नाहीत. यातली सावलीची गंमत तर बघण्यासारखीच असते. गुरूपासून चांगला सुटा दिसणारा चंद्र काही मिनिटांत मंद होत जातो आणि पुसल्यासारखा नाहीसा होतो. संगणकावर स्टेलॅरियम हे मोफत सॉफ्टवेअर घाल, तुझ्या फोटोची तारीख आणि वेळ त्यात टाक, म्हणजे कोणता चंद्र गायब होता आणि का, ते लगेच कळेल.

आता पांढऱ्या गोळ्याचं. गुरू झगझगीत आणि चंद्र फिके, त्यामुळे एकाच फोटोत दोन्ही नीट येत नाहीत. म्हणून फोटो दोन काढायचे. मोबाइलच्या पडद्यावर गुरूवर बोट दाबून धर, फोकस आणि उजेड तिथे लॉक होतील. मग उजेडाची पट्टी खाली ओढत जा. गोळा लहान होईल, कडा धारदार होईल आणि त्यावर दोन करडे पट्टे दिसू लागतील. तिथे थांब आणि फोटो काढ. या फोटोत चंद्र दिसणार नाहीत, त्याची काळजी नको. दुसऱ्या फोटोसाठी उजेड पुन्हा वाढव. गुरू जळेल, पण चंद्र टिपले जातील. दोन्ही वेळा तीन सेकंदांचा टायमर लाव, कारण बटण दाबताना बोटाचा जो धक्का बसतो तो दुर्बिणीत कित्येक पटींनी वाढलेला असतो.

आणि एक काम नक्की कर. आयो गुरूच्या जवळ दिसत असेल अशा रात्री एक फोटो काढ आणि तासाभराने दुसरा. आयो तासाला सुमारे ६२ हजार किलोमीटर धावतो, म्हणजे गुरूच्या व्यासाच्या निम्म्याला थोडंसं कमी. दोन्ही फोटो शेजारी ठेवलेस की तो सरकलेला दिसेल. मला विचारशील तर या छंदातला पहिला खरा फोटो हाच.

*नमस्कार ताई. ठाण्यात आमच्या सोसायटीच्या गच्चीवरून डोळ्यांना जेमतेम पाच-सहा तारे दिसतात. माझ्याकडे ८० मिलिमीटर व्यासाची, ४०० मिलिमीटर नाभीय अंतराची भिंगाची दुर्बीण, मोटर लावलेलं विषुववृत्तीय माउंट आणि जुना डीएसएलआर आहे. तेजोमेघांचे फोटो जमतच नाहीत. प्रदूषण कापणारा फिल्टर घेऊ का? शिवाय ध्रुवतारा समोरच्या टॉवरमागे जातो.*
*— निवृत्त बँक कर्मचारी, ठाणे*

फिल्टरचे पैसे तूर्त बाजूला ठेवा आणि तेजोमेघांचा नादही काही दिवस सोडा. शहराच्या आकाशातून लहान दुर्बिणीला मनापासून साथ देतात ते तारकागुच्छ. तेजोमेघ म्हणजे वायू आणि धुळीचा ढग. त्याचा उजेड पसरट असतो, तो शहराच्या झगमगाटात बुडून जातो. ताऱ्याचा उजेड एका बिंदूत एकवटलेला असतो, म्हणून तो त्या झगमगाटातूनही वर येतो. आता रस्त्यांवर पांढरे एलईडी दिवे आलेत. त्यांच्या प्रकाशात सगळे रंग असतात आणि ताऱ्यांच्याही. फिल्टर लावला तर दोन्ही मिळूनच कापले जातील.

तुमची आखूड नळी या कामाला फार चांगली आहे. कृत्तिकांचा पसारा जवळजवळ दोन अंशांचा, म्हणजे चार पौर्णिमेचे चंद्र ओळीने ठेवावेत एवढा. माझ्या ७५० मिलिमीटर नाभीय अंतराच्या नळीत तो पुरता मावत नाही, तुमच्या चौकटीत आरामात बसेल. नोव्हेंबर ते फेब्रुवारी कृत्तिका घ्या. व्याधाच्या चार अंश दक्षिणेला मेसिए ४१, म्हणजे मेसिए या फ्रेंच निरीक्षकाच्या यादीतला ४१ क्रमांकाचा गुच्छ आहे, तोही याच दिवसांतला. फेब्रुवारीपासून पुष्य नक्षत्रातला मेसिए ४४. ठाण्यातून तो नुसत्या डोळ्यांना मुळीच दिसणार नाही, पण दहा सेकंदांच्या एका फोटोत उभा राहतो. मे-जूनमध्ये वृश्चिकाच्या नांगीजवळ मेसिए ६ आणि ७. उत्तरेची बाजू थोडीफार मोकळी असेल तर थंडीच्या सुरुवातीला ययाती तारकासमूहातला जोडगुच्छ जरूर घ्या. दोन गुच्छ एकाच चौकटीत येतात आणि त्यांत मधूनच एखादा केशरी तारा असतो.

एक्स्पोजर लांबवू नका. आयएसओ (कॅमेऱ्याची संवेदनशीलता) ८००, दहा सेकंद, आणि असे शंभर-दीडशे फोटो. डीपस्कायस्टॅकर किंवा सिरिल ही दोन्ही मोफत सॉफ्टवेअर त्यांची एकावर एक रास रचून देतात. शंभर फोटोंच्या राशीत एका फोटोतली खरखर दहाव्या हिश्श्यावर येते. कृत्तिकांसाठी दोन-दोन सेकंदांचे थोडे फोटो वेगळे घ्या, कारण दहा सेकंदांत मोठे तारे जळून पांढरे होतात आणि त्यांचा निळा रंग जातो. त्या निळ्या रंगासाठीच तर कृत्तिका घ्यायच्या. त्यांच्याभोवतीचं निळसर धुकं मात्र ठाण्यातून मिळेल अशी आशा धरू नका. ती धूळ त्या ताऱ्यांच्या जन्मातून उरलेली नाही. गुच्छ आपल्या वाटेने जाताना एका धुळीच्या ढगातून चालला आहे, आणि तो ढग टिपायला अंधारं आकाशच लागतं.

तुमच्या भिंगात तेजस्वी ताऱ्यांना जांभळी झालर येत असेल. पुठ्ठ्याला ६० मिलिमीटरचं गोल भोक पाडून तो नळीच्या तोंडावर बसवा. उजेड कमी होईल, पण झालर बरीच ओसरेल. भोकाची कड मात्र स्वच्छ हवी, नाहीतर ताऱ्यांना नको ते काटे फुटतात.

ध्रुवाबद्दल. विषुववृत्तीय माउंटचा अक्ष ध्रुवाकडे रोखलेला असला तरच मोटर दुर्बिणीला ताऱ्यांबरोबर नीट फिरवते. पण महाराष्ट्रात ध्रुव न दिसण्याची अडचण घरोघरची आहे. ठाण्यात ध्रुव क्षितिजापासून १९ अंशांवर, कऱ्हाडला तर १७. समोर एक इमारत आली की संपलं. शिवाय माउंटचा अक्ष इतका आडवा होतो की वजनाचा दांडा ट्रायपॉडच्या पायाला धडकतो. ट्रायपॉड थोडा फिरवून दांडा दोन पायांच्या मधोमध येईल असं केलं की मार्ग निघतो.

ध्रुव दिसत नसेल तर ताऱ्याच्या सरकण्यावरून माउंट लावा. होकायंत्राने अंदाजे उत्तर साधा आणि उंची १९ अंशांवर ठेवा. मग मृगाच्या पोटातल्या बाणाचे तीन तारे माथ्यावरून दक्षिणेकडे जाणाऱ्या रेषेवर आले की त्यातला सगळ्यात वरचा तारा रेघांच्या आयपीसच्या मधोमध धरा. तो खगोलीय विषुववृत्ताला अगदी लागून आहे. मोटर चालू ठेवा आणि पाच मिनिटं बघा. तारा पूर्व-पश्चिम सरकला तर त्याकडे लक्ष देऊ नका. दक्षिणेकडे सरकला तर माउंटचा अक्ष खऱ्या उत्तरेच्या पूर्वेला गेलाय, तो पश्चिमेकडे वळवा. उत्तरेकडे सरकला तर उलट करा. हेच पुन्हा पूर्व क्षितिजाजवळच्या ताऱ्यावर करा. तिथे तारा दक्षिणेकडे गेला तर अक्षाची उंची कमी पडते असं समजा. पहिल्या दिवशी यातच रात्र जाईल. मग गच्चीवर ट्रायपॉडच्या तिन्ही पायांच्या जागी ऑइल पेंटने खुणा करून ठेवा, पुढच्या वेळी निम्मं काम झालेलं असेल.

*आमचं शेत सांगोल्याकडं हाय. रातीला एकबी दिवा न्हाई. १३० मिलिमीटरची, बिनमोटरची, हातानं फिरवायची दुर्बीण हाय. नरतुरंगातला मोठा गुच्छ फोटोत यील का? कॅमेरा लावला तर फोकसच होईना.*
*— शेतकरी, सांगोला तालुका*

दादा, तुमचं आकाश मला मिळालं तर मी दुर्बीण उचलून तिथेच राहायला येईन. नरतुरंगातला तुम्ही म्हणता तो गुच्छ म्हणजे ओमेगा सेंटॉरी, आपल्या आकाशगंगेतला सगळ्यात मोठा गोलाकार तारकागुच्छ. सुमारे १७ हजार प्रकाशवर्षांवर, अंदाजे एक कोटी तारे, आणि आकाशात पौर्णिमेच्या चंद्राएवढा विस्तार. टॉलेमीच्या काळापासून त्याची नोंद तारा म्हणूनच होती, म्हणून तर १६०३ मध्ये बायरने आपल्या तारानकाशात त्याला ताऱ्यांसारखंच ‘ओमेगा’ हे ग्रीक अक्षर दिलं. तो तारा नाही हे हॅली या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने १६७७ मध्ये सेंट हेलेना बेटावरून पाहून नोंदवलं. युरोपातल्या बहुतेकांच्या क्षितिजावर तो येतच नाही. सांगोल्यातून मात्र चांगला २५ अंश वर येतो.

शोधायला सोपा आहे. मेच्या मध्याला रात्री साडेदहाच्या सुमारास चित्रा बरोबर दक्षिणेला उंच असते. हात लांब करून मूठ धरली की ती साधारण दहा अंशांची होते. चित्रेपासून सरळ खाली साडेतीन मुठी मोजा. तिथे डोळ्यांना धुरकट ठिपका दिसेल.

फोकस होत नाही याचं कारण तुमची चूक नव्हे. अशा बऱ्याच दुर्बिणी फक्त डोळ्याने बघण्यासाठी बांधलेल्या असतात. फोकसर पुरता आत घेतला तरी डीएसएलआरचा सेन्सर प्रतिमेच्या जागेपर्यंत पोचत नाही. मुख्य आरशाचे स्क्रू लांब घालून आरसा दोन-तीन सेंटिमीटर पुढे आणला की प्रतिमा बाहेर येते. तालुक्याच्या हार्डवेअरच्या दुकानात स्क्रू आणि स्प्रिंग मिळतात. स्क्रू बदलल्यावर दोन्ही आरसे पुन्हा एका रेषेत लावावे लागतील. ते सावकाश, दिवसाउजेडी करा. बार्लो, म्हणजे प्रतिमा मोठी करणारं जोडभिंग, लावूनही फोकस येतो, पण उजेड चौथाईवर येतो आणि मोटर नसताना ते परवडत नाही.

मोटर नसली तरी जमतं. त्या भागातले तारे सेकंदाला साधारण दहा विकलांनी सरकतात (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग), म्हणून एक्स्पोजर पाव ते एकतृतीयांश सेकंदाच्या वर नेऊ नका. आयएसओ ६४०० ठेवा. ६५० मिलिमीटर नाभीय अंतराच्या नळीला डीएसएलआर लावला की चौकट जवळजवळ दोन अंश रुंद मिळते. तिची लांब बाजू ताऱ्यांच्या सरकण्याच्या दिशेने ठेवा, गुच्छ पूर्वेच्या कडेला धरा, दुर्बिणीला हात न लावता रिमोटने सलग फोटो घेत राहा. चौकट ओलांडायला त्याला दहा-बारा मिनिटं लागतात, तेवढ्यात तीन-चारशे फोटो सहज होतील. एकेक फोटो उघडून बघितलात तर निराशा होईल. काळ्या पडद्यावर रवाळ करडा डाग, बाकी काही नाही. रास रचल्यावर मात्र तो डाग कडेकडेने फुटू लागतो. आधी बाहेरचे तारे सुटे होतात, मग आतले, आणि मधोमध असे दाटतात की पडद्यावर बोट ठेवायला मोकळी जागा सापडत नाही.

त्याच हंगामात ज्येष्ठा ताऱ्याच्या पश्चिमेला दीड अंशाच्या आत मेसिए ४ आहे. दुर्बीण तिकडेही वळवा.

*दर डिसेंबरात मी पुण्याला येतो. अमेरिकेत एडिसन गावातल्या माझ्या घरामागून मला ओमेगा सेंटॉरी कधीच मिळत नाही. डिसेंबरात मिळेल का?*
*— एडिसन, न्यू जर्सी*

मिळेल, फक्त पहाटे उठावं लागेल. डिसेंबरअखेर पहाटे साडेपाचला दक्षिणेच्या किंचित पूर्वेला, क्षितिजापासून २० अंशांच्या आसपास तो असतो. एडिसनहून तो दोन अंशांच्या वर चढतच नाही. पण तिथे उन्हाळ्यात शौरी तारकासमूहातला मेसिए १३ जवळजवळ डोक्यावर येतो, तो सोडू नका.

*मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गुरूच्या चंद्रांचे फोटो महिनाभर काढतोय. हे फोटो बघण्यापलीकडे कशाला उपयोगी पडतात का?*
*— विद्यार्थी, जळगाव*

तुझं पत्र वाचून मला फार आनंद झाला. या फोटोंतून तू गुरूचं वस्तुमान काढू शकतोस आणि त्याला शाळेतल्या गणितापलीकडे काही लागत नाही.

गुरूचा गॅनिमीड हा चंद्र धर. प्रत्येक रात्री दोन फोटो हवेत : एक कमी उजेडाचा, गुरूचा व्यास मोजण्यासाठी, आणि एक जास्त उजेडाचा, चंद्रासाठी. जळालेल्या फोटोत गुरू फुगतो, त्यावरून व्यास मोजू नकोस. दोन फोटोंच्या मध्ये झूम किंवा कॅमेऱ्याची दिशा बदलायची नाही. व्यास पट्ट्यांच्या दिशेने मोज, कारण गुरू ध्रुवांकडे चपटा आहे. मग गॅनिमीड गुरूच्या मध्यापासून किती व्यास लांब आहे ते काढ. पूर्वेला असेल तर अधिक, पश्चिमेला असेल तर उणे. फोटोची वेळ मिनिटापर्यंत लिही. आलेख कागदावर आडव्या अक्षावर वेळ आणि उभ्या अक्षावर अंतर मांडलंस की बिंदूंमधून लाट उमटेल.

मधल्या रेषेपासून लाटेची उंची साडेसात व्यासांच्या जवळ येईल, लांबी ७.१५ दिवसांच्या. गुरूचा व्यास तेवढा पुस्तकातून घे, १ लाख ४३ हजार किलोमीटर. म्हणजे गॅनिमीडचं अंतर सुमारे १० लाख ७२ हजार किलोमीटर. आता आपल्या चंद्राशी तुलना कर. त्याचं अंतर ३ लाख ८४ हजार, फेरी २७.३२ दिवसांची. अंतरांचं गुणोत्तर २.७९, त्याचा घन २१.७. फेरीच्या काळांचं गुणोत्तर ३.८२, त्याचा वर्ग १४.६. दोन्हींचा गुणाकार ३१७. केप्लरच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे गुरू पृथ्वीच्या ३१७ पट जड. मान्य आकडा ३१८ आहे.

तुझं उत्तर २९० आलं किंवा ३५० आलं तर खोडरबर घेऊ नकोस. अंतराचा घन होतो, त्यामुळे अंतरात तीन टक्क्यांचा फरक पडला तर वस्तुमानात नऊ टक्क्यांचा पडतो. व्यास पुन्हा मोज, जास्त रात्रींचे फोटो घाल, मग कॅलिस्टोवरून तेच गणित कर. कॅलिस्टोला फेरीला १६.७ दिवस लागतात आणि तो तेरा व्यासांहून लांब जातो. दोन वेगळ्या चंद्रांवरून एकच गुरू निघतो की नाही ते बघ.

वेळ लिहिण्याचा आग्रह मी सगळ्यांनाच करते, त्याला कारण आहे. १६७६ मध्ये रोमर या डॅनिश खगोलशास्त्रज्ञाने आयोच्या ग्रहणांच्या, म्हणजे तो गुरूच्या सावलीत शिरण्याच्या, वेळा तपासल्या. पृथ्वी गुरूपासून दूर जाताना ग्रहणं उशिरा होतात आणि जवळ येताना लवकर, हे त्याला दिसलं, आणि प्रकाशाला प्रवासाला वेळ लागतो हे त्यावरून सिद्ध झालं. त्याच्यापाशी कॅमेरा नव्हता, घड्याळ आणि वही होती. वेळ नसलेला फोटो शोभेचा. वेळ लिहिलेला फोटो पन्नास वर्षांनीही कुणाला तरी वापरता येतो.

*शनीचे आणि मंगळाचे चंद्र लहान दुर्बिणीतून टिपता येतात का?*
*— शिक्षिका, चिपळूण*

शनीचा टायटन तुमच्या दुर्बिणीतही येईल. कड्यांच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतच्या रुंदीच्या सुमारे साडेचार पट अंतरापर्यंत तो जातो, १६ दिवसांत एक फेरी. १५० मिलिमीटरची दुर्बीण असेल तर रिया, टेथिस आणि डायोनीही दोन-चार सेकंदांच्या फोटोत मिळतात, शनी मात्र जळतो. शनीचाच आयापेटस हा चंद्र मुद्दाम शोधा. तो शनीच्या पश्चिमेला असताना पूर्वेपेक्षा कितीतरी तेजस्वी दिसतो, कारण त्याची एक बाजू काळी आणि एक पांढरी आहे. कॅसिनीने १६७१ मध्ये तो शोधला तेव्हा पूर्वेला गेल्यावर त्याला तो दिसेनासाच झाला होता. दोन्ही बाजूंचे फोटो सारख्याच एक्स्पोजरने काढून मुलांना वर्गात दाखवा.

मंगळाचे दोन्ही चंद्र त्याच्या झगझगाटात बुडालेले असतात. त्यांच्या मागे लागू नका.

*फोकस नेमका लागला हे कसं ओळखायचं? आणि दवाचं काय करायचं?*
*— गडहिंग्लज*

फोकससाठी बाख्तिनोव्ह मास्क. ही जाळी पावेल बाख्तिनोव्ह या रशियन हौशी आकाशनिरीक्षकाने काढली. तिचा नमुना आपल्या दुर्बिणीच्या मापाने छापून घ्यायचा आणि जाड पुठ्ठ्यावर चिकटवून धारदार कटरने कापायचा. माझी जाळी एका लग्नपत्रिकेच्या जाड कागदाची आहे. नळीच्या तोंडावर ती लावून तेजस्वी ताऱ्याकडे बघितलं की ताऱ्यातून तीन रेघा निघतात. दोघींची फुली होते आणि तिसरी फोकसर फिरवाल तशी डावी-उजवीकडे सरकते. ती फुलीच्या बरोबर मध्यातून गेली की फोकस लागला. जाळी काढायला विसरू नका. तासाभराने पुन्हा तपासा, कारण रात्र गार होते तशी नळी आखडते.

दवासाठी जुनी योगा मॅट कापून नळीच्या तोंडावर गुंडाळा, व्यासाच्या दीडपट पुढे येईल अशी. आमच्याकडे थंडीत मध्यरात्रीनंतर कृष्णेवरून धुकं चढतं, तेव्हा हेही पुरत नाही. मग हेअर ड्रायर कमीत कमी उष्णतेवर ठेवून लांबून फिरवते. भिंग किंवा आरसा कापडाने पुसायचा नाही. दवाबरोबर धूळ असते, ऊसतोडीच्या दिवसांत पाचटाची राखही, आणि पुसलं की काचेवर ओरखडे उठतात. घरात आणल्यावर दुर्बीण ओली असतानाच झाकण लावू नका. तोंड खाली करून ठेवा आणि सकाळी कोरडी झाली की मगच बंद करा.